बाबांची पांढरी बाटली

दिवाळीत घरी बडोद्याला गेले होते. पहिल्याच सकाळी जाग आली ती वासाने, आणि तो फराळाचा नव्हता. बेडरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत ओल्ड स्पाइसचा असा घमघमाट सुटला होता की आईच्या चहातलं आलं त्यात कुठच्या कुठे हरवलं होतं.

"बाबा, दाढीनंतर लावलंत की आंघोळच केलीत यात?" हॉलमध्ये येत मी विचारलं.

बाबा पेपरमागून नुसते हसले. उत्तर आईने दिलं. "रोजचंच आहे हे. पूर्वी एक बाटली सहा महिने जायची, आता दीड महिन्यात संपते. कामाच्या मावशी विचारतात, साहेब लग्नाला निघालेत का?"

आम्ही सगळेच हसलो. यावर एक रील करायचं, असंही मी ठरवून टाकलं.

संध्याकाळी गच्चीत पणत्या लावताना बाबांनी हळूच विचारलं, "खरंच जास्त होतं का गं?"

"थोडं."

"मला कळत नाही किती झालं ते. वासच येत नाही."

मला वाटलं सर्दी झाली असेल. ते म्हणाले, कोविडपासून. म्हणजे दुसऱ्या लाटेपासून! तेव्हा घरात सगळ्यांचाच वास गेला होता. माझा तीन आठवड्यांत परत आला. बाबांना विचारलं तेव्हा "आला, आला" म्हणाले आणि विषय तिथेच संपला. नंतर दूध करपेपर्यंत ते समोरच बसून राहायचे, फ्रिजमधली आंबलेली आमटी चवीने खायचे, तेव्हा आम्ही "लक्ष कुठे असतं तुमचं" म्हणून त्यांनाच बोलायचो.

"मग हे रोज लावता कशाला?"

"झोंबतं ना गालाला. तेवढं कळतं. दाढी झाली असं वाटतं."

रील राहिलंच. या सदरात आपण दर वेळी घरातली एक जुनी वस्तू हातात घेऊन बघतो. अडकित्ता झाला, शिलाई मशीन झालं, रेडिओ झाला. या वेळी ही बाटली. खरं सांगायचं तर ती मी वाचकांसाठी नाही, बाबांसाठी उघडून बसले. नाकाने कळत नसेल तर निदान तिच्यात काय काय आहे ते त्यांना सांगता यावं म्हणून.

पुरुषांचा सुगंध, पण आधी बायकांचा

ओल्ड स्पाइस म्हटलं की डोळ्यांसमोर येतो दाढीचा ब्रश, आरसा आणि ऑफिसला निघालेले बाबा. म्हणून पहिली गोष्ट वाचली तेव्हा मी आईला हाक मारूनच सांगितली. हा सुगंध सुरुवातीला बायकांसाठी होता!

न्यूयॉर्कमध्ये विल्यम लाइटफूट शुल्ट्झ यांनी १९३४ मध्ये शुल्टन नावाची कंपनी काढली. १९३७ मध्ये त्यांनी 'अर्ली अमेरिकन ओल्ड स्पाइस' या नावाने स्त्रियांसाठी उत्पादनं आणली. कल्पना आली ती शुल्ट्झ यांच्या आईच्या बरणीवरून. तिकडे पूर्वी घरोघरी वाळलेल्या फुलांच्या पाकळ्या आणि मसाले एकत्र करून बरणीत भरून ठेवायचे, खोलीला मंद वास राहावा म्हणून. आपण कपड्यांच्या कपाटात वाळा ठेवतो तसंच. म्हणजे बाबांच्या गालावरच्या या वासाचं मूळ एका आईच्या बरणीत आहे. पुरुषांसाठीचा ओल्ड स्पाइस आला तो पुढच्या वर्षी, १९३८ मध्ये, आणि तोच टिकला.

"म्हणजे आधी आमचंच होतं," आई म्हणाली आणि बाबांच्या शेल्फवरची बाटली उचलून स्वतःच्या मनगटावर दोन थेंब घेतले. लग्नाला एकतीस वर्षं झाली, हे तिने पहिल्यांदाच केलं.

जहाज कुठलं?

आता बाटली. पांढरी, खाली रुंद, वर निमुळती होत गेलेली, मानेशी अगदी अरुंद. समुद्रात जहाजांना वाट दाखवायला तरंगते बोये सोडतात ना, साधारण तसा आकार. मधोमध शिडांचं जहाज, लाल रंगात लिहिलेलं नाव. साबण लागलेल्या ओल्या हातातही ती सहज निसटत नाही, कारण तळ जड आणि मान बोटांत बसते. बाबा म्हणतात, लाइट गेलेली असली तरी शेल्फवर हात घातल्यावर पहिली हीच सापडते.

सुरुवातीच्या बाटल्या तर काचेच्याही नव्हत्या. ओहायो राज्यातल्या हल पॉटरी या कारखान्यात त्या चिनी मातीच्या बनायच्या. सोबत दाढीचा साबण फेसायचे मगही असायचे. पुढे दुधी काच आली. ती नुसती दिसायला सुंदर नाही, कामाचीही आहे. सुगंधाचे दोन शत्रू, ऊन आणि उष्णता. पारदर्शक बाटली खिडकीत ठेवली की आतल्या लिंबू-संत्र्याच्या तेलांचा वास लवकर बिघडतो. दुधी काच उजेड बराचसा अडवते. तोटा एवढाच की आत किती उरलंय ते दिसत नाही, कानाशी धरून हलवून बघावं लागतं. १९९० मध्ये हा ब्रँड प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे गेला आणि २००८ मध्ये अमेरिकेत काचेच्या जागी प्लास्टिक आलं, राखाडी बुचाच्या जागी लाल. पडून फुटत नाही हे खरं, पण प्लास्टिकच्या बाटलीला काचेचं ते गार वजन नाही. मला विचाराल तर निम्मी मजा तिथेच गेली. आमच्याकडे एक जुनी काचेची रिकामी बाटली आहे. आईने तिच्यात मनी प्लांट लावलाय आणि तो छान वाढलाय.

जहाजाची गोष्ट मात्र बाबांना सगळ्यात आवडली. लहानपणी मला वाटायचं, जहाज म्हणजे नुसतं चित्र. कॅलेंडरवर असतं तसं. पण शुल्टनने बाटल्यांवर खरीखुरी जहाजं छापली होती. पहिल्यांपैकी दोन नावं, 'ग्रँड टर्क' आणि 'फ्रेंडशिप'. दोन्ही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सेलम बंदराची. (आपल्या तमिळनाडूतलं सेलम नव्हे. माझ्या बंगळूरच्या रूममेटचं गाव सेलम आहे, ती दोन मिनिटं भलतीच खूश झाली होती.) 'ग्रँड टर्क' १७८६ मध्ये चीनच्या कँटन बंदरात पोहोचलं. १७९७ मध्ये बांधलेल्या 'फ्रेंडशिप'ने पंधरा सफरी केल्या. त्यांत बटाव्हिया होतं, म्हणजे आजचं जकार्ता, चीन होता आणि भारतही होता. १८१२ च्या युद्धात ते ब्रिटिशांनी पकडलं.

ही जहाजं इतक्या लांब कशासाठी यायची? रेशीम, चहा, कापड आणि मसाले. सेलमचे व्यापारी सुमात्रा बेटावरून काळी मिरी नेऊन श्रीमंत झाले. इतके की त्या शहराच्या शिक्क्यावर पूर्वेकडचा एक माणूस आला, मागे शिडाचं जहाज आलं आणि खाली लॅटिनमध्ये संपन्न पूर्वेच्या पार टोकापर्यंत जाण्याची भाषा आली. तेव्हा 'ओल्ड स्पाइस' या नावातला मसाला शोभेचा नाही. आपल्याच बाजूच्या समुद्रांतून गेलेला माल दीडशे वर्षांनी अमेरिकेत सुगंध झाला आणि आफ्टरशेव्ह होऊन बडोद्यात बाबांच्या शेल्फवर परत आला.

बाबांनी बाटली हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवून ते जहाज जवळून पाहिलं आणि म्हणाले, "एवढी वर्षं बघतोय, शिडं कधी मोजली नाहीत."

आत काय आहे?

नेमकं सूत्र कंपनी सांगत नाही, कुठलीच सांगत नाही. पण या सुगंधात कशाकशाच्या छटा आहेत हे जाणकारांनी मांडून ठेवलंय. परफ्यूमची भाषा आधी दोन ओळींत सांगते. वास तीन मजल्यांवर राहतो. वरचा मजला लगेच उडून जातो, पाच-पंधरा मिनिटांत. मधला दोन-तीन तास टिकतो. तळमजला संध्याकाळपर्यंत कपड्यांना चिकटून राहतो. तेलांचे हलके रेणू आधी उडतात, जड मागून, एवढंच त्यामागचं गणित.

ओल्ड स्पाइसच्या वरच्या मजल्यावर संत्रं, लिंबू, क्लॅरी सेज नावाची एक औषधी वनस्पती आणि चक्रीफूल. हो, आपल्या गोड्या मसाल्यात पडतं तेच. चक्रीफूल आणि बडीशेप दिसायला कुठे एक नाहीत, पण दोघांच्या वासात मुख्य द्रव्य एकच असतं, अ‍ॅनेथोल. म्हणून बाटली उघडल्या उघडल्या क्षणभर हॉटेलातल्या बिलासोबतची बडीशेप आठवते. मी हे वाचल्यावरच वास घेऊन पाहिला आणि आता ते आठवल्याशिवाय राहत नाही.

खरी गंमत मधल्या मजल्यावर आहे. दालचिनी आहे. कार्नेशनचं फूल आहे. ऑलस्पाइस आहे, म्हणजे वेस्ट इंडीजकडचा तो दाणा ज्यात लवंग, दालचिनी आणि जायफळ तिघांचा एकदम भास होतो. जिरेनियम, थोडी जाई आणि हेलिओट्रोप नावाचं बदामासारख्या वासाचं फूल. आता कार्नेशन तुम्ही बुकेमध्ये पाहिलं असेल. त्याचा वास चक्क लवंगेसारखा असतो, कारण दोघांत युजेनॉल असतं. तेच ऑलस्पाइसमध्ये, तेच आपल्या तुळशीतही काही प्रमाणात. दातांच्या डॉक्टरकडे जो वास येतो तोही पुष्कळदा याचाच. म्हणजे मधल्या मजल्यावर वेगवेगळ्या दारांमागे एकच लवंग बसलेली आहे म्हणा ना!

आणि तळाशी व्हॅनिला, कस्तुरीसारखा मस्क, देवदाराच्या जातीचं लाकूड, धुपाचा राळेसारखा वास, टोंका बीन आणि बेंझॉइन. बेंझॉइन म्हणजे ऊद. संध्याकाळी निखाऱ्यावर टाकतो तो, बाळंतिणीच्या खोलीत धुरी देतात तो. टोंका बीनला कापलेल्या गवताचा, थोडा बदामाचा वास असतो. हे सगळं मिळून शेवटी जो गोडसर, पावडरच्या डब्यासारखा वास उरतो, तोच मला लहानपणी बाबांच्या शर्टात डोकं खुपसल्यावर यायचा. दाढीनंतर लगेचचा वास मला तितका आठवत नाही. आठवतो तो संध्याकाळी सहाचा, पोस्टातून परत आल्यावरचा. आता कळलं, तो तळमजला होता.

आजच्या परफ्यूमच्या मानाने हा सुगंध जुन्या वळणाचा वाटतो. १९८० नंतर पुरुषांचे सुगंध थंड आणि पाण्यासारखे ताजे व्हायला लागले. त्यापुढे दालचिनी-व्हॅनिला म्हणजे आजोबांचा काळ. पण प्रामाणिकपणे सांगते, माझ्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये रोज सकाळी पाच जण असतात आणि पाचांचे वास एकाच बाटलीतले वाटतात. बाबा डोळे मिटूनही ओळखू येतात.

जाहिरातींबद्दल फार लिहीत नाही, तो वेगळाच लेख होईल. मोठ्या वाचकांना ती मोठ्या लाटेवरची जाहिरात आणि अंगावर काटा आणणारं कोरस संगीत आठवत असेल. ते संगीत कार्ल ऑर्फ यांच्या 'कार्मिना बुराना'चं. त्याचा पहिला प्रयोग फ्रँकफर्टला १९३७ मध्ये झाला, म्हणजे सुगंध आणि संगीत एकाच वर्षी जन्मले. तरुण वाचकांना २०१० चा टॉवेलवाला इसाया मुस्तफा आठवेल, नाहीतर आपला मिलिंद सोमण. बाबांना यातलं काहीच आठवत नाही. त्यांनी ही बाटली घ्यायला सुरुवात केली कारण त्यांचे पहिले पोस्टमास्तर साहेब ती लावायचे.

झोंबतं, पण वास येत नाही. असं कसं?

बाबांचं "झोंबतं, तेवढं कळतं" माझ्या डोक्यातून जात नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. मी हाच प्रश्न विचारला. त्यांनी सांगितलं, वास कळतो तो एका नसेमुळे आणि झोंबणं, गार लागणं, डोळ्यांत पाणी येणं हे वेगळ्या नसेमुळे. आफ्टरशेव्हमधलं अल्कोहोल गालावर झोंबतं, पेपरमिंट गार लागतं, अमोनिया नाकाला चावतो, ते त्या दुसऱ्या नसेचं काम. पहिली बंद पडली तरी दुसरी चालू राहते. बाबा इतकी वर्षं त्या दुसऱ्या नसेवर दाढी करत होते.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि घरी करायचा एक व्यायाम दिला, नाकाचा. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ही पद्धत मांडली. चार वास घ्यायचे, गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. दिवसातून दोनदा, प्रत्येक वास दहा-पंधरा सेकंद, शांतपणे, तो आठवायचा प्रयत्न करत. निदान तीन महिने. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, आणि इतक्या वर्षांनी तर फार आशा ठेवू नका, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. लवकर यायला हवं होतं, हेही.

इथे तुम्हाला एक कळकळीची विनंती. घरात कुणाचा वास जाऊन महिना झाला असेल तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. आणि तोपर्यंत स्वयंपाकघराकडे लक्ष द्या. गॅसला मुद्दाम उग्र वास घातलेला असतो तो गळती कळावी म्हणून. ज्याला वासच येत नाही त्याला ती कळणार कशी? आम्ही दुसऱ्याच दिवशी गॅस गळती सांगणारा अलार्म बसवला. करपलेल्या दुधावरून इतकी वर्षं बाबांना बोललो होतो, ते आठवून स्क्रू पिळताना माझे हात जरा थरथरले.

लिंबू आणि लवंग दोन्ही बाबांच्या बाटलीत आहेत हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. डॉक्टरांना विचारलं, ओळखीचे आणखी वास ठेवले तर चालतील का? ते म्हणाले, चालतील की. मग आईच्या मसाल्याच्या डब्यातून चक्रीफूल आणि दालचिनी आली, संत्र्याची ताजी साल आली, पूजेच्या सामानातून ऊद. लहान काचेच्या बरण्या, झाकणांवर आईच्या अक्षरात चिठ्ठ्या. थोडक्यात, आम्ही ओल्ड स्पाइसची बाटली मोडून टेबलावर मांडली. शुल्ट्झ यांच्या आईची बरणी पुन्हा भरली, असंही म्हणता येईल.

तुमच्या घरी कुणी हे वापरत असेल तर दोन गोष्टी सांगते. बाटली बाथरूममध्ये गिझरजवळ किंवा खिडकीत ठेवू नका, कपाटात ठेवा. आणि दालचिनी-लवंगेची ही द्रव्यं काहींच्या त्वचेला सोसत नाहीत, गालावर लाल चट्टे येत असतील तर हौसेने सहन करू नका, बंद करा. बाकी आफ्टरशेव्हमध्ये सुगंधी तेलांचं प्रमाण परफ्यूमपेक्षा फारच कमी असतं, साधारण एक ते तीन टक्के. ते दुपारपर्यंत विरलं तर बाटली नकली आहे असं समजू नका.

मी बंगळूरला परतले. आता रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल असतो. बाबा डोळे मिटून बसतात, आई एकेक बरणी नाकाशी धरते, चिठ्ठी फक्त मला दाखवते. पहिले पाच आठवडे सगळ्या बरण्यांना एकच उत्तर होतं, "काही नाही." सहाव्या आठवड्यात निलगिरीला म्हणाले, "आहे काहीतरी." पण निलगिरी गार लागते, तेव्हा ती त्या दुसऱ्या नसेचीच करामत असेल म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. आठव्या आठवड्यात दालचिनी धरली तर तोंड वाकडं केलं. "रबर जळतंय का कुठे?" आई घाबरली. डॉक्टर म्हणाले, असे उलटेसुलटे वास येणं हे नसा पुन्हा जोडल्या जात असल्याचं लक्षण असू शकतं, चालू ठेवा. तेव्हापासून आमच्याकडे दालचिनीचं नाव टायर पडलंय.

परवा उदाच्या बरणीवर ते बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "हे गोड आहे का?"

मी चिठ्ठी वाचली होती, पण काही बोलले नाही. आईनेही नाही.

"की मला आठवतंय म्हणून वाटतंय?"

ते आम्हाला कुणालाच सांगता येईना. पुढच्या बरणीला, लिंबाला, पुन्हा "काही नाही" म्हणाले.

आफ्टरशेव्ह मात्र आता आईच्या ताब्यात आहे. रोज सकाळी ती बाबांच्या तळहातावर मोजून तीन थेंब देते. चौथा मागितला की बूच लावून बाटली कपाटात.